चौकशीला आलेला माणूस

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं शाळा होती, मीच गेलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घावरून कोणी बोलायला येणार नाही, आणि आलंच तरी मी ऐकणार नाही. सही मात्र मी पूर्ण नावाची करतो. बँकेत, सोसायटीत, बियाण्याच्या कंपनीच्या करारावर, कुठंच मी अंगठा दिलेला नाही. माझ्या वयाच्या लोकांचे अंगठे शाईनं निळे झाले आणि माझा कोरा राहिला याचा मला अभिमान होता. त्याच सहीनं माझी फजिती केली, आणि माझ्यापेक्षा जास्त माझ्या नातीची.

नात जालन्याला कॉलेजात एम.एस्सी. करते. कशात, असं कोणी विचारलं की मला चीड येते, कारण म्हाताऱ्याला ते सांगता येणार नाही असं लोकांनी आधीच ठरवलेलं असतं. येतं मला. उपयोजित भौतिकशास्त्र. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, नुसतं फिजिक्स म्हणून मोकळा होतो. मी एकदा तिला विचारलं होतं, उपयोगाचं फिजिक्स तुम्ही वेगळं काढलं, मंग बाकीचं बिनउपयोगाचं का. ती म्हणाली, आबा, हे आमच्या मॅडमला विचारू नका, त्या दोन तास सांगत बसतील.

तिचं काम काचेच्या तुकड्यावर कसलातरी थर बसवायचं. थर इतका पातळ की दिसत नाही. दिसत नाही तर बसला हे कशावरून, असं मी विचारलं. रंगावरून कळतं म्हणाली, पाण्यावर तेल पडलं की रंग फिरतात तसं. हे मला पटलं, कारण विहिरीवरच्या इंजिनाखाली साचलेल्या पाण्यात ते मी जन्मभर पाहिलंय. मोबाइलच्या आतली चिप म्हणजे असेच थरावर थर. त्या चिपांचा एक मोठा कारखाना गुजरातेत झालाय. एम.एस्सी.चे शेवटचे सहा महिने अशा कारखान्यात काम करत काढायचे, त्याला इंटर्नशिप म्हणतात, आणि ती झाल्याशिवाय डिग्री हातात पडत नाही. तिच्या वर्गातल्या चौघांना तिथं जागा मिळाली. चौघांत मुलगी ही एकटी.

जागा मिळाल्याचं सांगायला ती घरी आल्ती तेव्हा तिनं आजीला कारखान्याचे नियम सांगितले. आत जाताना पायापासून डोक्यापर्यंत पांढरा झगा, टोपडं, तोंडावर पट्टी, फक्त डोळे उघडे. पावडर नाही, टिकली नाही, काजळ नाही, केसाला फूल नाही. माणसाच्या अंगावरून जी बारीक धूळ उडते तेवढ्यानं माल खराब होतो. माझी म्हातारी म्हणाली, म्हणजे माणूसच नको का त्यांना. मला त्यात नवल वाटलं नाही. मी तीस-पस्तीस वर्षं कपाशीच्या बियाण्याचे प्लॉट केलेत. शेजारच्या रानातला एक पराग आला तरी आमचं बियाणं नापास होतं. बारीक गोष्टीनं माल बिघडतो हे मला कोणी शिकवायला नको.

आता मूळ गोष्टीवर येतो. मूळ गोष्ट स्थळांची आहे.

पोरगी तेविसाव्या वर्षात गेली आणि मंठ्याकडचे आमचे पाहुणे स्थळं घेऊन यायला लागले. मुलाला ते पाहिजेच होतं. तो मला म्हणाला, आबा, आता किती शिकवायचं. मी म्हणालो, ती म्हणेल तितकं. पण घरातल्या माणसाला नाही म्हणणं वेगळं आणि पाहुण्याला नाही म्हणणं वेगळं. आपण तोंडावर नाही म्हटलं की तो पाहुणा दोन पिढ्या लग्नाला येत नाही. तोच समोरचा आपणहून मागं फिरला तर कोणाचंच काही जात नाही, वर तोच आपल्याशी नरमाईनं बोलतो.

आमच्याकडं मुलाकडचा माणूस एकदम घरी येत नाही. आधी गावात येतो, चौकात चहा पितो, इकडचं तिकडचं बोलतो आणि मंग हळूच विचारतो की अमक्याची पोरगी कशी आहे, घर कसं आहे, किती दिवसांपासून राहतात. चहाच्या टपरीवर जे कळलं ते खरं, असा हिशोब. मी टपरीवाल्याला गाठलं. तो माझ्या मुलाच्या वयाचा, पण माझ्याशी बरोबरीनं बोलतो. त्याला सांगून ठेवलं की माझ्या नातीची चौकशी आली तर म्हणायचं, लई तापट आहे, कोणाचं ऐकत नाही, घरात टिकत नाही. चारित्र्यावर एक शब्द काढायचा नाही, तो माझा नियम. बाकी जे सुचेल ते.

तो म्हणाला, "आबा, उद्या तिनं मला इचारलं तर?"

मी म्हणालो, तिला कळणारच नाही.

अशी तीन स्थळं आम्ही परतवली. नातीला पत्ता नाही, मुलाला पत्ता नाही. मुलगा आपला कपाळावर आठ्या घालून म्हणायचा, काय कळत नाही, लोक येतात आणि चौकातूनच जातात. मी म्हणायचो, योग नसेल.

तो माणूस आला तेव्हा सोयाबीन काढून झालेलं होतं. मी टपरीच्या बाकावरच बसल्तो. मोटारसायकलवर हेल्मेट घातलेला, पाठीवर पिशवी, तिशीचा असेल. उतरला आणि पहिलाच प्रश्न माझ्या नातीच्या नावानं, घर कुठं आहे. टपरीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली, आणि त्यानं पढवल्यासारखं सुरू केलं. तापट. ऐकत नाही. आज हितं तर उद्या तिथं. माणूस मोबाइलवर काहीतरी दाबत होता. मला वाटलं नवऱ्या मुलाच्या बापाला लिहून पाठवून राह्यला.

मंग तो घरी आला. मी बोळातून त्याच्या आधीच येऊन बसल्तो. दाराबाहेर उभा राहून त्यानं घराचा फोटो काढला. मला राग आला, पण म्हटलं हल्लीचे मुलाकडचे घराचे फोटो बघूनच ठरवतात. किती वर्षांपासून राहता, घर स्वतःचं का, घरात माणसं किती, कोणावर पोलीस केस आहे का. केसचं विचारलं तेव्हा मात्र मी म्हणालो, तुमच्यावर आहे का. तो हसला, म्हणाला, विचारावं लागतं काका. हे सगळे प्रश्न स्थळवाल्यांचेच. एकही वेगळा असता तर मी जागा झालो असतो. त्याच्या गळ्यात कार्ड लटकत होतं, हे मला नंतर शंभर वेळा ऐकावं लागलं. कार्ड तर विम्यावाला घालतो, फवाऱ्याचं औषध विकणारा घालतो. कार्डाकडं कोण बघतो.

मुलगी इथंच राहते का, त्यानं विचारलं. मी म्हणालो, ती कुठं असती आम्हाला काही ठाऊक नसतं. शिक्षण? सोडल्यासारखंच आहे. स्वभाव? विचारू नका. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चौथं स्थळ होतं, हात बसलेला होता. मी म्हणालो, एका जागी सहा महिने टिकायची नाही ती.

त्यानं कागद पुढं केला. इंग्रजीत होता. खाली बोट ठेवून म्हणाला, "काका, इथं अंगठा दिला तरी चालंल."

मी त्याच्या हातातून पेन घेतला आणि पूर्ण नावाची सही केली. वाचायचा प्रश्नच नव्हता, वाचता येणारच नव्हतं. पण अंगठा म्हटल्यावर माझं डोकं फिरलं आणि कागद कशाचा आहे हेसुद्धा मी विचारलं नाही. स्थळवाले सही कशाला घेतील, हे तेव्हा सुचायला पाहिजे होतं. नाही सुचलं.

पंधरा दिवसांनी नात अचानक घरी आली. आली ती सरळ माझ्यासमोर बसली. चहा नको म्हणाली. मोबाइल काढून वाचायला लागली, इंग्रजीतलं मराठी करून. उमेदवार दिलेल्या पत्त्यावर राहत नाही. कुटुंबाला तिचा ठावठिकाणा माहीत नाही. शिक्षण सोडलं आहे. शेजाऱ्यांच्या मते स्वभाव तापट. कुटुंबप्रमुखाच्या मते एका ठिकाणी सहा महिने टिकणार नाही. खाली माझं नाव, माझं नातं आणि माझी सही.

तो माणूस कंपनीकडून आल्ता. म्हणजे कंपनीनं ज्या दुसऱ्या कंपनीला उमेदवारांची खातरजमा करायचं काम दिलंय, तिच्याकडून. पोरगी खरंच या पत्त्यावरची आहे का, तिचं बराबर आहे का, एवढंच बघायला. आणि आता गुजरातेतून तिला कळवलेलं होतं की माहितीत तफावत असल्यामुळं जागा थांबवून ठेवली आहे.

"आबा, हे तुमी बोललात?"

"बोललो."

"कामून?"

मंग सगळं सांगावं लागलं. मुलगाही तिथंच उभा होता. तीन स्थळांचं कळल्यावर त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी दुसरीकडं बघितलं. म्हातारी चुलीपाशी बसून हसली, पदर तोंडाला लावून, आणि नातीनं तिच्याकडं पाहिलं तेव्हा गप झाली. नात रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी म्हणता आलं असतं.

"त्यानं सांगायला नको का तो कोण आहे ते," मी म्हणालो. "आमच्या प्लॉटवर कंपनीचा साहेब येतो तो आधी फोन करतो, बांधावर उभा राहून नाव सांगतो, मंग फुलाला हात लावतो."

ती म्हणाली, त्यानं सांगितलं असेल आबा, तुम्ही ऐकलं नसेल. तो घरी आला तेव्हा काहीतरी बडबडला होता खरा. तरी मी दोष कबूल केला नाही. मी म्हणालो, जे होईल ते निस्तरू.

निस्तरू म्हणणं सोपं. तारीख जवळ होती. चौघांपैकी तिघांची तिकिटं काढून झालेली. ही वेळेत गेली नाही तर ते सहा महिने वाया, पुढच्या वर्षी पुन्हा सगळं, आणि मुलानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं की पुढचं वर्ष तो थांबणार नाही, मंठ्याच्या पाहुण्यांना स्वतः बोलावील आणि या वेळेला चौकात स्वतः बसेल. तो मला चिडून बोलला, पण भोगायचं तिला होतं.

आधी त्या खातरजमेच्या कंपनीला फोन लावला. फोनवर बाई बोलत होती पण ती खरी बाई नव्हती. इंग्रजीला एक दाबा, हिंदीला दोन दाबा. दोन दाबलं. मंग पुन्हा चार गोष्टी. तिसऱ्यांदा दाबल्यावर गाणं लागलं आणि गाणं संपलं की फोन कटला. असं दोन दिवस. मी नातीला म्हणालो, ज्या कंपनीला फोनवर माणूस ठेवता येत नाही ती माणसाची खातरजमा कशी करते. ती म्हणाली, आबा, आत्ता तुमी नका बोलू.

मंग सरपंचाचा रहिवासी दाखला. ग्रामसेवक आठवड्यातून दोन दिवस येतो, त्यातला एक दिवस येत नाही. दाखला मिळाला, तीर्थपुरीला जाऊन स्कॅन करून मेलवर पाठवला. उत्तर आलं की तुमची विनंती आम्हाला मिळाली आहे. त्यापुढं काही नाही. आधार कार्ड दिलेलं, दहावी-बारावीच्या मार्कशीट दिलेल्या, डोमिसाइल दिलेलं, कॉलेजचं पत्र दिलेलं. सरकारचे इतके शिक्के एका बाजूला आणि टपरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्याचं बोलणं दुसऱ्या बाजूला, आणि म्हाताऱ्याचंच जड झालं. एरवी तालुक्याच्या कचेरीत माझं कोणी ऐकून घेत नाही. पहिल्यांदा कोणी ऐकलं तर ते असं.

मीच त्या मोटारसायकलवाल्याचा नंबर टपरीवाल्याकडून मिळवला. त्यानं चहाचे पैसे मोबाइलवरून दिलेले होते, त्यावरून सापडला. फोन लावला आणि त्याला झाडायला सुरुवात केली. त्यानं ऐकून घेतलं, मंग शांतपणे म्हणाला, "काका, मी दिवसाला दहा गावं फिरतो. तुमी बोलला तेच लिहिलं. एक अक्षर जास्तीचं लिहिलं असंल तर सांगा."

वर तो म्हणाला की जबाब बदलायचा असेल तर ज्यानं सही केली त्यानंच वरच्या साहेबांसमोर बदलावा लागतो, दाखल्या-बिखल्यानं काही होत नाही. म्हणजे इतक्या धावपळीनंतर खरी गोष्ट मला त्या पोरानं सांगितली, ज्याला मी शिव्या घालायला फोन केल्ता.

नातीच्या मॅडमनी तेच करून आणलं. त्यांनी गुजरातेत दहा फोन केले आणि ठरवलं की माझं आणि कंपनीत खातरजमेचं बघणाऱ्या बाईंचं कॉम्प्युटरवर समोरासमोर बोलणं होईल, कॉलेजमध्ये, मॅडमच्या खोलीत. मी म्हणालो, गावातून बोलतो, मोबाइल आहे. नात म्हणाली, आबा, गावातलं नेटवर्क आणि तुमी, दोन्हीचा भरोसा न्हाई. पहिल्यांदाच काहीतरी टोचून बोलली, तेव्हा मला थोडं बरं वाटलं.

सकाळच्या एस.टी.नं जालन्याला गेलो. मॅडमचं दुसरं काही चालू होतं म्हणून त्यांनी आम्हाला प्रयोगशाळेत बसवलं. एका कोपऱ्यात स्टीलचा मोठा डबा, त्याला नळ्या, बाजूला पंप घरघर करत होता. नात म्हणाली यातली हवा काढून घेतात आणि मंग आत थर बसवतात. हवा निघायलाच काही तास लागतात, तोवर थांबायचं. मी विचारलं, तू काय करतेस तेवढा वेळ. ती म्हणाली, काट्याकडं बघत बसते, आणि वहीत लिहिते. दर दहा मिनिटांनी लिहिलेले आकडे तिनं दाखवले, पानंच्या पानं. मॅडम दारात येऊन म्हणाल्या, बाकीची पोरं पंप लावून कँटीनला जातात, ही जात नाही. मी ती पानं पुन्हा मागं उलटून पाहिली.

मंग मॅडमच्या खोलीत कॉम्प्युटरवर जी बाई आली ती माझ्या नातीपेक्षा फार तर दहा वर्षांनी मोठी असेल. हिंदीत बोलत होती. माझी हिंदी आमच्याकडची, निजामाच्या वेळेपासूनची, पण समजते. मी तिला आमची रीत सांगायला लागलो. आमच्याकडं मुलाकडचे असे येतात, चौकात विचारतात, आणि पाहुण्याला तोंडावर नाही म्हणता येत नाही म्हणून मी असं बोललो. मॅडम बाजूनं मदत करत होत्या. बाईनं सगळं ऐकलं. हसली नाही, हे तिचं चांगलं.

मंग म्हणाली, "बाबूजी, मैं समझ गई. पर मुझे फॉर्म में एक ही बात भरनी है. जो आपने लिखकर दिया, वो झूठ था या सच?"

मी पुन्हा रीत सांगायला लागलो. तिनं पुन्हा तेच विचारलं. तिसऱ्यांदा मी म्हणालो की माणसाचा गैरसमज झाला. ती म्हणाली, गैरसमज नाही, झूठ का सच.

मी आयुष्यात कोणासमोर मी खोटं बोललो असं म्हटलेलं नाही. बोललो नाही असं नाही. भावाभावात बांधाचा तंटा झाला तेव्हाही नाही म्हटलं. नात भिंतीला टेकून उभी होती, तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट घासून राह्यली होती, आणि तिचा श्वास मला ऐकू येत होता.

"झूठ था," मी म्हणालो. "मेरे कू मालूम था झूठ है. तब भी मैंने बोला और सही किया."

बाईनं काहीतरी लिहिलं. मंग म्हणाली, "तो आज सच बोल रहे हो, ये मैं कैसे मानूँ?"

प्रश्न बराबर होता आणि त्यामुळंच माझं डोकं तापलं. माझ्या पांढऱ्या केसांकडं बघून मान, असं म्हणणार होतो. मॅडमनी हात वर केला. मंग मी तिला एक गोष्ट सांगितली, अर्धी हिंदीत, अर्धी मराठीत, आणि मॅडमनी ती नीट करून सांगितली.

नात अकरावीत होती. गणपतीची सुट्टी, प्लॉटमध्ये क्रॉसिंग चालू होतं. संध्याकाळी कळी उघडून तिच्यातलं नर, म्हणजे पुंकेसर, काढायचं, सकाळी दुसऱ्या जातीचे पराग लावायचे आणि खुणेला दोरा बांधायचा. नर थोडं जरी राहिलं तरी त्या बोंडाचं बियाणं मिसळतं, पण वरून कोणालाच कळत नाही. माणसं कमी पडली म्हणून तिनं एक ओळ घेतली. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी पाहतो तर ही आपल्या ओळीतली दोरा बांधलेली बोंडं एक एक करून तोडून खाली टाकतेय. मी ओरडलो. तर म्हणाली, मी पहिल्या दिवशी काही कळ्या घाईत केल्या, कोणत्या ते आता आठवत नाही, म्हणून सगळी तोडते. मी तिला म्हणालो होतो, अगं कोणाला कळणार आहे. ती ओळीच्या टोकापर्यंत तोडत गेली. मी चार दिवस तिच्याशी बोललो नाही. आमच्या घरात खोटं बोलणारा असेल तर तो मी, ती नाही, असं मी त्या बाईला सांगितलं.

बाईनं तेही लिहून घेतलं. तुम्हारा मेल आएगा, एवढं म्हणाली, तेही नातीला, आणि पडदा काळा झाला.

तिथून आम्ही स्टँडवर आलो. गाडीला वेळ होता. नातीनं भजी घेतली, कागद मधे ठेवला, मी खायला लागलो. ती नुसती बघत होती. मंग म्हणाली, आबा, तापट म्हणालात ते ठीक, ऐकत नाही म्हणालात तेबी ठीक, ते सगळं तुमी टपरीवाल्याला शिकवलं होतं.

"पण सहा महिने टिकायची न्हाई, हे तुमच्या मनात कुठून आलं?"

मी म्हणालो, तोंडाला आलं ते बोललो.

"न्हाई आबा. तुमाला माहीत होतं म्या सहा महिन्यांसाठी चाललेय."

माहीत होतं. ती सांगून गेल्यापासून तो आकडा माझ्या डोक्यात बसलेला होता. आमच्या घरातलं कोणी इतके दिवस घराबाहेर राहिलेलं नाही, जालना काय, शनिवारी येता येतं. स्थळांना मी नाही म्हणत होतो ते तिच्या शिक्षणासाठी, असं मी स्वतःला सांगत होतो, आणि ते खोटं नाही. पण ती घरातच राहावी हेही त्यात होतं. हे मला त्या स्टँडवर, भजी खाताना कळलं, आणि मला माझा जो राग आला तो अजून गेलेला नाही. तिला मी एवढंच म्हणालो की खा, गार होतंय. तिनं एक भजं उचललं. गाडी लागली तेव्हा मी चढलो, ती होस्टेलवर गेली.

मेल चौथ्या दिवशी आला. जागा दिली होती, पण बाकीच्यांपेक्षा बारा दिवस उशिरा रुजू व्हायचं, आणि उशीर झाल्याचे दिवस शेवटी भरून द्यायचे. म्हणजे सहा महिने बारा दिवस. मुलानं त्याच्या मोबाइलवर ते वाचून दाखवलं आणि म्हणाला, आबा, तुमच्यामुळं बारा दिवस वाढले. मी म्हणालो, मोजता येतंय मला.

जायच्या आदल्या दिवशी ती टपरीवर गेली. मीही मागं गेलो, काय बोलते बघायला. टपरीवाला उठून उभा राहिला, म्हणाला, ताई, माझा दोष न्हाई, मला आबानं पढवलं. तिनं चहा मागितला, पिला आणि त्याला म्हणाली, "तापट आहे हे बराबर सांगितलंस. ते तसंच ठेव."

आता ती तिथं आहे. रविवारी फोन करते, तोही पाच मिनिटं. आत मोबाइल नेता येत नाही, बाहेर आली की झोपते. पिवळ्या उजेडाच्या खोलीत काम आहे म्हणाली, तिथं पांढरा दिवा चालत नाही. मी विचारलं डोळ्याला त्रास होतो का, म्हणाली नाही. मी विचारलं जेवण, म्हणाली गोड असतं, डाळीतसुद्धा गूळ. आजीनं काळा मसाला पाठवला तो होस्टेलच्या खोलीत ठेवलाय आणि कामाच्या दिवशी त्याला हात लावत नाही, बोटाला वास राहतो म्हणून. मी म्हणालो, मंग पाठवला कशाला. ती म्हणाली, रविवारी खाते.

संक्रांतीला दोन दिवस ये म्हणालो. तर म्हणते, आबा, मशीन संक्रांतीला बंद ठेवत नसतेत, आणि एकदा बंद केली की पुन्हा सुरू करायला लई वेळ जातो. मी म्हणालो, एक माणूस दोन दिवस नसला तर काय होतं. तिनं सांगितलं काय होतं. मला ते कळलं, आणि कळलं म्हणूनच जास्त चीड आली. फोन ठेवला आणि म्हातारीला म्हणालो, येत नाही म्हणे. ती म्हणाली, मंग तुमी जा की तिकडं. गुजरातेत जायचं, आणि गेटवर ओळख विचारली की काय सांगायचं, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, खरं सांगा.

तिकिटाचं मुलाला विचारायचं राहिलंय. या आठवड्यात विचारणार आहे, तो रानातून आला की.